‘सीडी १९ पॉझिटिव्ह’ या शब्दांविषयी खुलासा

फ्लो सायटोमेट्रीच्या (पेशींवरची प्रथिने लेझरच्या साहाय्याने ओळखणाऱ्या तपासणीच्या) अहवालात ‘सीडी १९ पॉझिटिव्ह’ असे लिहिले असेल तर रक्ताचा कर्करोग पक्का समजावा, असा संदेश पुण्यात व्हॉट्सॲपवर फिरत आहे. हे विधान चुकीचे असून त्यामुळे घरेच्या घरे विनाकारण हादरतात. सीडी १९ हे प्रथिन निरोगी माणसाच्या बी-लिम्फोसाइट (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) पेशींवरही असतेच. या तपासणीत रक्ताच्या किंवा अस्थिमज्जेच्या नमुन्यात (रुग्णाच्या शरीरात नव्हे) चमकणारी रंगद्रव्ये जोडलेली प्रतिपिंडे (ठरावीक प्रथिनालाच चिकटणारे रेणू) मिसळतात. मग पेशी एकामागून एक लेझरसमोरून जातात आणि, उदाहरणार्थ, ४८८ नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशात एफआयटीसी हे रंगद्रव्य हिरवे चमकले की ते प्रतिपिंड त्या पेशीला चिकटल्याचे कळते. निदान मात्र एकट्या खुणेवरून, म्हणजे पेशीवरच्या अशा एकाच प्रथिनावरून, होत नाही. सीडी १९ च्या जोडीला सीडी १० व सीडी ३४ या खुणा असून सीडी ४५ ही खूण मंद दिसत असेल, तर बी-पेशींच्या तीव्र ल्युकेमियाची (रक्ताच्या कर्करोगाची) शंका घेतली जाते. तरीही साधारण अशाच खुणांच्या निरोगी अपक्व पेशी लहान मुलांच्या अस्थिमज्जेत, विशेषतः केमोथेरपीनंतर, आढळतात, आणि हा फरक ओळखणे हेच खरे कौशल्याचे काम आहे. त्यासाठी पेशींचे प्रमाण, प्रत्येक खुणेची तीव्रता आणि सूक्ष्मदर्शकाखालची काचपट्टी एकत्र पाहावी लागते. तो संदेश कृपया पुढे पाठवू नये. अहवाल रक्तविकारतज्ज्ञांना दाखवावा.