काढलेला पेसमेकर कुणाच्या तरी कामी आला पाहिजे

पेसमेकर म्हणजे हृदयाचे ठोके नीट चालू ठेवणारं, शरीरात बसवलेलं छोटं यंत्र. तो बसवलेला माणूस गेला की अग्नी देण्याआधी तो काढावा लागतो. आतली लिथियमची बॅटरी उष्णतेने फुटते, शवदाहिनीचं नुकसान होतं, चितेजवळ उभ्या असलेल्यांना इजा होऊ शकते. एवढं बऱ्याच जणांना माहीत असतं, पण काढलेला पेसमेकर पुढे जातो कुठे, हे कुणी विचारत नाही. कधी दवाखान्याच्या कचऱ्यात, कधी प्लास्टिकच्या पिशवीतून नातेवाइकांच्या हातात आणि तिथून कपाटात. माझे सासरे गेले तेव्हा त्यांचा पेसमेकर बसवून तीन वर्षंही झाली नव्हती. असा पेसमेकर आठ-दहा वर्षं आरामात चालतो. जिथे जिथे ओळख होती तिथे विचारून पाहिलं. तो घ्यायची सोय कुणाकडेच नव्हती.

हे मला इतकं लागण्याचं कारण आहे. मी नाशिकमध्ये हृदयरोग विभागात सिस्टर म्हणून नोकरी केली. पेसमेकरवाचून अडलेली माणसं जवळून पाहिली. सुरगाण्याकडच्या एक आजी होत्या. शेतात चक्कर येऊन पडायच्या. घरच्यांना वाटलं फिट येते. भगत झाला, मग खासगी दवाखान्यात सलाइन झालं. पूर्ण मिनिटभर नाडी मात्र कुणी मोजली नव्हती. आमच्याकडे आणलं तेव्हा ठोके मिनिटाला ३४. मॉनिटरवर स्पष्ट दिसत होतं, हृदयाचे वरचे कप्पे आपल्या चालीने चाललेत, खालचे आपल्या. कम्प्लीट हार्ट ब्लॉक. मानेच्या शिरेतून तात्पुरती तार टाकली, ती उशाशी ठेवलेल्या, बाहेरून ठोके देणाऱ्या डबीला जोडली, आणि रेशनकार्डावरचं नाव आधारवरच्या नावाशी जुळेपर्यंत आजी त्या डबीवर होत्या. कूस बदलायची तरी आम्ही दोघी दोन बाजूंनी धरायचो, कारण तार सरकली तर ठोका चुकणार. कागद जुळले, पेसमेकर बसला, आजी चालत घरी गेल्या.

आजींच्या मागे योजना होती. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत पेसमेकर बसतो, आता वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. या योजनेबद्दल लोक कितीही कुरकुर करोत, तिच्यामुळे वाचलेले चेहरे माझ्या डोळ्यांसमोर आहेत. पण सिएरा लिओन किंवा मोझांबिकमधल्या अशाच एखाद्या आजीमागे कोण आहे? पेसमेकर न मिळाल्यामुळे गरीब देशांत दरवर्षी दहा लाखांच्या आसपास माणसं दगावतात, असा अंदाज सांगितला जातो. आणि हा आजार काही असाध्य नाही. कॉलरबोनखालचा भाग बधिर करायचा, छोटा छेद द्यायचा, शिरेतून तार हृदयात न्यायची आणि काड्यापेटीएवढं यंत्र कातडीखाली ठेवायचं. तासाभराचं काम.

शरीरात बसवलेला जगातला पहिला पेसमेकर १९५८ मध्ये स्टॉकहोमला आर्ने लार्सन यांना बसवला. तो काही तासच चालला. पण पुढे एकामागून एक नवे मिळत गेले, आयुष्यभरात एकूण २६, आणि ते २००१ पर्यंत, ८६ वर्षांचे होईतो जगले. त्या एका माणसासाठी अख्खं विज्ञान झटलं, याचं मला मनापासून कौतुक आहे. तेवढंच वाईट याचंही वाटतं की इतक्या वर्षांनंतरही कित्येकांना पहिलाच मिळत नाही.

म्हणून माझं म्हणणं आहे की चांगली बॅटरी शिल्लक असलेला पेसमेकर, घरच्यांच्या संमतीने, तपासून आणि निर्जंतुक करून, ज्याला तो घेणं कधीच शक्य नाही अशा रुग्णाला द्यावा. तार नवीच वापरायची, यंत्र तेवढं जुनं. हे हवेतलं बोलणं नाही. अमेरिकेतल्या फ्युनरल होम्समधून, म्हणजे अंत्यविधी करणाऱ्या संस्थांमधून, जमवलेले पेसमेकर मुंबईच्या होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये ५३ गरीब रुग्णांना बसवले गेले. एकालाही जंतुसंसर्ग झाला नाही, एकही यंत्र बंद पडलं नाही. मॉन्ट्रियलच्या डॉक्टरांनी मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरास, डॉमिनिकन रिपब्लिक इथल्या १,०५१ रुग्णांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध केला. जुनं यंत्र बसवलेल्यांत जंतुसंसर्ग २ टक्के, कॅनडात नवं बसवलेल्यांत १.२ टक्के. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक ठरत नाही. मिशिगन विद्यापीठाच्या ‘माय हार्ट युवर हार्ट’ उपक्रमाने तर केनिया, नायजेरियापासून पॅराग्वेपर्यंत सुमारे ३०० रुग्णांत नवं आणि जुनं यंत्र रीतसर चाचणी करून ताडून पाहिलं. २०२४ मध्ये निकाल मांडला. जुनं कमी पडलं नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मला खरंच बोचतो. गरिबांना काय उतरलेलंच द्यायचं? माझ्या सोबतच्या एका डॉक्टरांनी हे तोंडावर विचारलं होतं. त्यांची चीड मला मान्य आहे. सगळ्यांना नवा मिळाला पाहिजे, किंमत खाली आली पाहिजे. २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतीवर सरकारने कमाल मर्यादा घातली तशी पेसमेकरवर अजून नाही, तीही यायला हवी. पण ३४ ठोक्यांवर खाटेवर पडलेल्या माणसाला त्या दिवसाची वाट बघायला सांगणार का? मेलेल्या माणसाचं यंत्र नको, असंही काही जण म्हणतील. आपण नेत्रदान करतो, तेव्हा डोळा कुणाचा हे दृष्टी मिळालेला माणूस विचारत नाही.

कंपन्या यंत्रावर ‘एकदाच वापरासाठी’ असं लिहितात, त्यामुळे डॉक्टर एकट्याच्या जिवावर हे पाऊल उचलू शकत नाहीत आणि त्यांनी उचलावं असंही मी म्हणणार नाही. गुपचूप चाललं की त्यात पैसे खाणारेही घुसतील, आणि नवं सांगून जुनं बसवतील. केंद्रीय औषध नियंत्रकांनी नियम करावा. बॅटरी किती शिल्लक हवी, निर्जंतुकीकरण कुठे आणि कसं, रुग्णाला त्याच्या भाषेत समजावून लेखी संमती, आणि प्रत्येक यंत्राच्या अनुक्रमांकाची नोंद. कंपन्यांनीही हात द्यायला हवा. प्रत्येक कंपनीचा प्रोग्रॅमर, म्हणजे पेसमेकर बाहेरून तपासायचं यंत्र, वेगळा असतो, तो नसेल तर दूरच्या गावी बसवलेला पेसमेकर तपासायचा कशाने?

आरोग्य विद्यापीठ आपल्या नाशकात आहे. मोठी हॉस्पिटलं आहेत, अमरधाम आहे, देहदान-नेत्रदानासाठी रात्री-अपरात्री धावणारे कार्यकर्ते आहेत. गोळा करण्याची सुरुवात इथून होऊ शकते. या विषयात काम करणारे डॉक्टर, वकील हे वाचत असतील तर त्यांनी कृपया कॉमेंटमध्ये लिहावं. मी सोबत यायला तयार आहे.

तोवर ज्यांच्या घरी पेसमेकरचा रुग्ण आहे त्यांनी त्याचं ओळखपत्र, ज्यावर मॉडेल आणि बसवल्याची तारीख असते, ते घरातल्या आणखी एकाला दाखवून ठेवा. प्रसंग आलाच तर अमरधामला निघण्याआधी दवाखान्यात कळवा. काढणं डॉक्टरांचं काम आहे, घरी कुणी हात लावू नये. आणि काढलेला पेसमेकर मागून घ्या, त्यावर नाव, तारीख लिहून ठेवा.