पट्टी भरली, डेटा वाटेतच

पेनड्राइव्ह ओढण्याआधी दाबायचं ‘सेफली रिमूव्ह’ म्हणजे कॉम्प्युटरवाल्यांचं लिंबू-मिरची, अशी एक पोस्ट ग्रुपाग्रुपांतून फिरते आहे. तिचं म्हणणं असं: कॉपीची पट्टी शंभर टक्के झाली की डेटा पोहोचला. काही बिघडलंच तर प्रोग्रॅमला एरर मिळते. आणि केबल निघालीच तर परत खोचा, विंडोज असो की लिनक्स, आजचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, जिथे थांबला तिथून पुढे सुरू करतो.

यात खरं आहे ते आधी मान्य करतो. २०१८च्या शेवटी आलेल्या विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून बाहेरून जोडलेल्या ड्राइव्हसाठी ‘क्विक रिमूव्हल’ हीच मूळ सेटिंग झाली. त्यात विंडोज लिखाण स्वतःकडे साठवून ठेवत नाही, म्हणून काही चालू नसताना पेनड्राइव्ह ओढला तर सहसा काही होत नाही. पोस्टचा सगळा डोलारा एवढ्यावरच उभा आहे.

लिनक्सवर ती पट्टी वेगळंच सांगत असते. कॉपी करणारा ‘सीपी’ हा प्रोग्रॅम फाइल कर्नलच्या हवाली करतो आणि मोकळा होतो. कर्नल ती मेमरीत ठेवतो आणि सवडीने डिस्ककडे पाठवतो. मूळ सेटिंगनुसार लिहायचं राहिलेलं पान (मेमरीचा छोटा तुकडा) ३० सेकंद जुनं झालं की त्याची पाळी येते, आणि अशी पानं उपलब्ध मेमरीच्या २० टक्क्यांच्या मर्यादेजवळ गेल्याशिवाय लिहिणाऱ्याला कुणी थोपवत नाही. विश्वास नसेल तर स्वस्तातल्या पेनड्राइव्हवर ७०० एमबीची फाइल टाका आणि मेमरीचा हिशेब देणाऱ्या ‘मेमइन्फो’ फाइलीतली ‘डर्टी’ची, म्हणजे लिहायच्या राहिलेल्या डेटाची, ओळ बघत बसा. पट्टी भरून गेलेली असते, कॉपीची खिडकीही बंद होते, आणि तो आकडा मात्र रेशनच्या रांगेसारखा हळूहळू सरकत असतो. पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकतोय ना? मग काम संपलेलं नाही.

‘एरर मिळतेच’ या दाव्याला माझा प्रश्न एकच: कुणाला? ‘सीपी’ केव्हाच संपलेला आहे. लिखाण फसल्याची ओळ कर्नलच्या लॉगमध्ये पडते आणि तो लॉग घरी कुणी उघडत नाही. जे प्रोग्रॅम ‘एफसिंक’ करून डिस्कवर गेल्याची खात्री करून घेतात, त्यांचीही फसगत झालेली आहे. २०१८ साली पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसच्या लोकांच्या लक्षात आलं की एफसिंक फसल्यावर परत केला तर लिनक्स ‘झालं’ म्हणतो. कारण फसलेली पानं त्याने स्वच्छ म्हणून खूण करून टाकलेली असतात. म्हणून २०१९च्या फेब्रुवारीपासून तो डेटाबेस अशा वेळी सरळ स्वतःला पाडतो आणि आपल्या नोंदवहीवरून पुन्हा उभा राहतो. डेटाबेस चालवणाऱ्यांना जे इतक्या उशिरा कळलं, ते फोटो कॉपी करणाऱ्याला पट्टी बघून कळेल?

आता केबल परत खोचण्याबद्दल, कारण खरी गफलत तिथे आहे. माझ्या टेबलावरच्या डिस्कची केबल ढिली आहे, त्यामुळे हा खेळ मी बऱ्याचदा पाहिला आहे. हाताने माउंट केलेली, म्हणजे फोल्डरला जोडून दिलेली, ‘एसडीबी’ (लिनक्सने डिस्कला दिलेलं नाव) निसटते, परत जोडली की ती ‘एसडीसी’ म्हणून येते. जुनं माउंट तसंच लोंबकळत राहतं. तिथे ‘एलएस’ या कमांडने यादी मागितली तर कधीकधी फाइलींची नावंही दिसतात, कारण ती मेमरीत उरलेली असतात. फाइल उघडायला गेलं की इनपुट-आउटपुट एरर.

हा कर्नलचा आळस नाही. मधल्या वेळात डिस्क कुठे जाऊन आली हे त्याला माहीत नसतं. तुम्ही ती दुसऱ्या लॅपटॉपला लावून चार फाइली बदलल्या असतील, तर मेमरीतला जुना नकाशा तिच्यावर लिहिणं म्हणजे विकलेल्या घरात जुन्या किल्लीने शिरून सामान लावण्यासारखं आहे. सिरियल नंबर तोच असतो, त्यावरून आतलं काही कळत नाही. शिवाय केबल निघाली म्हणजे वीजही गेली. डिस्कने ‘मिळालं’ म्हणून सांगितलेलं, पण तिच्याच कॅशमध्ये (तात्पुरत्या मेमरीत) असलेलं लिखाण तिथेच विरलं, आणि कर्नलच्या हिशेबी ते झालेलं आहे.

वाट बघणारे कर्नलही आहेत. लिनक्ससारख्याच फ्रीबीएसडी या सिस्टिममधलं ‘जीमाउंटव्हर’ डिस्क परत येईपर्यंत सगळ्या मागण्या रांगेत धरतं आणि आल्यावर ओळख पटवून पुढे सोडतं. लिनक्सवर नेटवर्कवरून जोडलेल्या डिस्कची वाट बघण्याची मूळ मुदत आयस्कझी पद्धतीत १२० सेकंद, एनव्हीएमई पद्धतीत ६०० सेकंद. पण ती डिस्क डेटासेंटरमध्ये असते, खिशात घालून कुणी घरी नेत नाही. आणि तेवढा वेळ प्रोग्रॅम गोठून बसतो, त्याचीही लोक तक्रार करतातच. हो, अशा गोठण्याला ‘लिनक्स हँग झाला’ म्हणणारी पोस्टही मी वाचली आहे, बहुधा त्याच ग्रुपवर.

केबल निसटलीच तर मी आधी ती डिस्क वापरणारे प्रोग्रॅम बंद करतो, जुनं माउंट काढून टाकतो, डिस्कवरची मांडणी तपासणारा ‘एफएससीके’ चालवतो आणि मगच ‘एसडीसी’ माउंट करतो. शेवटची कॉपी मात्र पहिल्यापासून.