मंजूर चहा पाच, हजर तीन

बंडूभाऊ चंद्रपूरच्या जटपुरा गेटाजवळच्या टपरीवर आला तो पेपर बगलेत दाबूनच. आज विषय कोणता, हे तिथंच ठरलं.

"पाहा, गडचिरोलीच्या सरकारी मेडिकल कॉलेजात शंभर जागा! दर साली शंभर पोट्टे. पाच सालांत पाचशे डॉक्टर. गडचिरोलीचा प्रश्न खल्लास."

"साडेपाच," मास्तर म्हणाले. "साडेचार वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप. 2024 ला आत गेलेला 2030 ला बाहेर. आणि तुला भूलतज्ज्ञ पाहिजे असेल तर आणखी तीन वर्षं. 2033 धर. तोवर सिझर थांबवून ठेवायचं का?"

"मास्तर, तुमी लातूरवाले. तुमाले आमच्या कॉलेजचं कौतुक कसं असन?"

झालं. 70:30 निघालंच. मेडिकलच्या 70 टक्के जागा त्याच विभागातल्या पोरांना, 30 टक्के बाहेरच्यांना, असा तो प्रादेशिक कोटा. 2020 च्या सप्टेंबरात तो मोडला, तेव्हापासून हे दोघं या एका मुद्द्यावर दर दोन महिन्यांनी भांडतात. मास्तरांचं म्हणणं, कॉलेजं तुमच्याकडं जास्त, मार्कांची पोरं आमच्याकडं जास्त, मग आमच्या पोरांनी काय घोडं मारलं होतं? बंडूभाऊचं म्हणणं, आमच्या जागांवर तुमचे क्लासवाले येऊन बसले. दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे, म्हणून भांडण संपत नाही.

तेवढ्यात सिस्टर आल्या. निवृत्त नर्सिंग ट्यूटर. अर्ध्या जिल्ह्याच्या नर्सबाईंना इंजेक्शन धरायला यांनीच शिकवलं. बसायच्या आधीच विचारलं, "बंडू, त्या शंभरातले भामरागडचे किती?"

बंडू पेपरात बघू लागला.

"त्यात नाही सापडणार. पंधरा जागा देशभरच्या. पंच्याऐंशी राज्याच्या, त्या नीटच्या मार्कांवर आणि आरक्षणावर. इमारत गडचिरोलीत असली म्हणून पोरगा गडचिरोलीचा होत नाही. पास झाला की बॉण्डचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, एक वर्ष काढतो आणि जातो."

आमचा डॉक्टर तेच वर्ष काढतोय. मोबाइलवर पीजीच्या प्रवेशपरीक्षेचे एमसीक्यू सोडवत होता, त्याने मान वर केली नाही. "जुन्या बॅचवाले दहा लाख भरून सुटायचे. मी निदान आहे तरी."

"आहेस रे. पण पेशंटपेक्षा त्या मोबाइलला जास्त तपासतोस."

मास्तरांनी मधेच जागतिक आरोग्य संघटना काढली. 2010 ची मार्गदर्शिका, मग 2021 ची सुधारित; ग्रामीण भागातलीच मुलं घ्या, शिकताना त्यांना ग्रामीण भागात फिरवा, वगैरे. सिस्टर म्हणाल्या, "जिनिव्हाला उशिरा कळलं. सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात 1969 पासून पहिल्या वर्षाची पोरं गावात मुक्कामी नेतात."

"मंग काय कॉलेजच नाही काढायचं?" बंडूभाऊ चिडला. "मी म्हणतो आणखी काढा! नर्सिंगचं काढा, फार्मसीचं काढा, फिजिओचं काढा! तालुक्याले एक!"

"आणि तुझ्या प्लॉटसमोर गेट काढा," डॉक्टर मोबाइलमधूनच बोलला. बंडूभाऊचा बायपासला एक प्लॉट आहे. गेल्या काही वर्षांत त्याच्यासमोर विमानतळ, मॉल आणि कर्करोग रुग्णालय येऊन गेलं आहे. सगळं तोंडीच.

सिस्टरनी पर्समधून पेन काढला आणि बंडूच्याच पेपरच्या कडेला लिहायला घेतलं. "कॉलेजपासून नाही मोजायचं. खुर्चीपासून, म्हणजे पदापासून मोजायचं. 2011 ला गडचिरोलीची लोकसंख्या पावणेअकरा लाख. आदिवासी भागात तीन हजारांना एक आरोग्य उपकेंद्र, म्हणजे साडेतीनशेच्या वर. प्रत्येकी एक एएनएम, म्हणजे उपकेंद्रावरची नर्स, धर. नोकरी तीस वर्षांची मानली तर दर वर्षी रिटायर होणार बाराच. सोडून जाणाऱ्या, बदलीवाल्या, लांबच्या रजेवरच्या धरून वीस कर. एएनएमचा कोर्स दोन वर्षांचा. म्हणजे या एका पदाला जिल्ह्यात वीस मुलींची एक बॅच पुरते. तू तालुक्याला एक उघडलंस, बारा तालुके, वीस-वीसच्या बॅचा, दोनशेचाळीस मुली. वीस लागल्या. बाकीच्या दोनशेवीस कुठं? पुणे, मुंबई, नाहीतर घरी."

"खासगीत लागतील ना."

"लागतील. पण कॉलेज काढताना भाषण उपकेंद्राचं केलंस ना?"

इथं बंडूभाऊने बिडी काढली. म्हणजे पहिला सेट सिस्टरांचा.

"आणि शिकणार कुठं? बीएस्सी नर्सिंगला साठ जागा, चार वर्षं, म्हणजे दोनशेचाळीस मुली. दहाला एक शिक्षक, म्हणजे चोवीस. तीन पेशंटमागं एक विद्यार्थिनी असा नियम. सिव्हिलला चार कॉलेजांच्या मुली एकाच वॉर्डात सोडल्या की एका खाटेभोवती पाचजणी उभ्या. बीपी एकीने घ्यायचं, पाचजणींनी लिहायचं. प्रसूतीचंही तेच. डोकं दिसायला लागलं की टेबलाला गर्दी. हात एकीचा, आणि नोंद चौघींच्या लॉगबुकात. तिकडं विद्यापीठाची तपासणी येते, लॉगबुक भरलेलं असतं. मग ती मुलगी उपकेंद्रात एकटी उभी राहते, आणि पहिलाच पायाळू येतो."

थोडा वेळ कोणी बोललं नाही. टपरीवाल्यानं उगाच चमचा वाजवला.

"भूलतज्ज्ञाचं काय मग?" मास्तरांना तो धागा सोडवेना.

आता डॉक्टर जागा झाला. "सिझर एकट्या स्त्रीरोगतज्ज्ञाने होत नाही. भूल देणारा पाहिजे, बाळ बघणारा पाहिजे, रक्तसाठा पाहिजे. रक्तसाठ्याला क्रॉसमॅच करणारा, म्हणजे रक्त जुळतं का ते तपासणारा, टेक्निशियन पाहिजे, रात्री दोन वाजता. एक कडी नसली की बाकीचे बसून पगार घेतात आणि पेशंट 108 मध्ये चंद्रपूरला. उपाय आहेत ना. एमबीबीएस डॉक्टरला काही महिन्यांचं भुलीचं प्रशिक्षण आहे. 2020 पासून राष्ट्रीय परीक्षा मंडळाचे दोन वर्षांचे डिप्लोमा आहेत, जिल्हा रुग्णालयातही करता येतात. भूल, स्त्रीरोग, बालरोग. पीजीवाल्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात जावंच लागतं. चार तुकड्या ओळीनं लावल्या की वर्षभर माणूस. पण सगळे एकदमच पाठवतात, आणि राहायला खोली नसते."

"ते कोणी लावायचं?"

"तेच तर," सिस्टर म्हणाल्या. "जागा ठरतात दिल्लीत. पदं मंजूर होतात मुंबईत, ती आरोग्य खात्याची. कॉलेज वैद्यकीय शिक्षण खात्याचं. अभ्यासक्रम नाशिकला, आरोग्य विद्यापीठात. त्यात कोर्स काढताना भरतीचे सेवाप्रवेश नियम कोणी उघडत नाही. बीपीएमटी, म्हणजे पॅरामेडिकल टेक्निशियनची पदवी, करून पोरगा बाहेर येतो, आणि जाहिरातीत पात्रता जुन्या डिप्लोमाची असली तर डिग्री हातात घेऊन रांगेबाहेर. एक्सरे मशीन प्लास्टिकच्या कव्हरात, पोरगा मोबाइलच्या दुकानात. आधी नियमात पदवीचं नाव घाला, पद मंजूर करा, पगाराचं हेड उघडा. मग जागा द्या."

"एवढं करत बसलं तं उद्घाटन कधी होईन?" बंडूभाऊ कळवळून म्हणाला. मनापासूनच म्हणाला, त्यामुळं जास्त हसू आलं.

"सिस्टर, तुमी तं सरळ सांगा. कॉलेज पाह्यजे का नाही?"

"पाहिजे. पण एएनएमच्या वीस जागांना मुली तालुक्यातल्या, माडिया बोलणाऱ्या घ्यायच्या, आणि नेमणूक तिथंच. अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर नाही, कायम. हे कर, तुझ्या गेटाची फीत मी कापते."

"कायम म्हणाल तं सरकार उठून जाईन."

तेवढ्यात पोरगा ट्रे घेऊन आला. बंडूभाऊने पाच चहा सांगितले होते, ट्रेमध्ये तीन.

"काहून बे, बाकीचे दोन?"

"मंजूर पाच होते भाऊ," टपरीवाला आतून ओरडला, "दूध तिनाचंच आलं. दोघांले बिनदुधाचा कंत्राटी देतो!"

मास्तरांच्या नाकातून चहा आला. कंत्राटी चहा कोणी घ्यायचा यावरून पुन्हा लातूर निघालं, आणि बंडूभाऊ पैसे न देताच बायपासला प्लॉट बघायला गेला.