हायब्रिडवरचा तो मेसेज: घातलेली भीती आणि गाळलेल्या गोष्टी

कोल्हापुरात सध्या कुणी गाडी घ्यायची म्हटलं, की ग्रुपवर तो लांबलचक मेसेज येतोच. ग्रँड विटारा, हायरायडर, इनोव्हा हायक्रॉस या हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाला बॅटरीवरच्या मोटरची जोड असलेल्या, गाड्यांची नावं घेऊन तो सांगतो: हायब्रिडची बॅटरी पाच वर्षांत संपते आणि नवी आठ लाखांना पडते, महापुराच्या पाण्यात गाडी करंट मारते, घाटात दम सोडते, हायवेला उपयोग शून्य, म्हणून जादा मोजलेले पैसे कधीच वसूल होत नाहीत, आणि बंद पडली तर उद्यमनगरातल्या गॅरेजांत कुणी हात लावत नाही. खाली लाल अक्षरांत ‘सर्वांना पाठवा’.

पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असेल. पण नको त्या गोष्टीची भीती घातलीय आणि जे विचारायला हवं ते गाळलंय.

आधी बॅटरी. आठ लाखांचा आकडा कुठून आला असेल याचा अंदाज येतो: कुणीतरी इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीची भीती उचलून हायब्रिडला चिकटवली. 2020 साली आलेल्या नेक्सॉन इलेक्ट्रिकची बॅटरी 30.2 युनिटची होती. युनिट म्हणजे आपल्या लाइट बिलात असतं तेच. ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रिडची, म्हणजे जिची मोटर एकटीही चाकं फिरवू शकते तिची, बॅटरी 0.76 युनिटची आहे. पाऊण युनिट! चाळीस पट लहान वस्तूला मोठीचा भाव कसा लागेल? ती लवकर मरते हेही खरं नाही. गाडीचा कॉम्प्युटर तिला कधी पूर्ण भरू देत नाही, कधी पूर्ण रिकामी होऊ देत नाही. मधल्या पट्ट्यात खेळवत ठेवतो, म्हणून ती टिकते. कंपनी तिच्यावर 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटरची वॉरंटी देते. टोयोटाची प्रियस जपानमध्ये 1997 च्या डिसेंबरात विकायला आली, म्हणजे ही काही काल-परवाची विद्या नव्हे.

काळजीच घ्यायची असेल तर हवेच्या जाळीची घ्या. या बॅटऱ्या बहुतेक गाड्यांत केबिनमधलीच हवा ओढून थंड होतात. त्या जाळीवर पिशवी टेकवून ठेवली, किंवा गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागची धूळ आत बसू दिली, की पंखा चोंदतो आणि बॅटरी तापते. सर्व्हिसिंगला ती साफ केली का, एवढं विचारायचं. गाडी महिनाभर दारात उभी राहिली तर आधी उतरते ती साधी 12 व्होल्टची बॅटरी, आणि ती कुठल्याही गाडीची उतरते. बाकी चार्जिंगचं म्हणाल, तर या गाड्यांना प्लगच नाही. पेट्रोल भरायचं आणि चालवायची.

आता महापूर. 2019 आणि 2021 पाहिलेल्या गावाला या बाबतीत घाबरवणं सोपं आहे. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फूट झालं की आपण गाड्या हलवायला लागतो, 43 ला धोका पातळी. पण करंटची गोष्ट चुकीची आहे. मोठ्या व्होल्टेजची यंत्रणा गाडीच्या पत्र्याला जोडलेलीच नसते. तिच्या वायरी वेगळ्या, नारिंगी आवरणातल्या. कुठे गळती जाणवली की रिले, म्हणजे आपोआप चालणारे स्विच, सुटतात आणि बॅटरी बाकी गाडीपासून तुटते. शाहूपुरीच्या पाण्यात तुमची हायब्रिड आणि शेजाऱ्याची डिझेल शेजारी शेजारी बुडाल्या, तर दोघांचंही नुकसान होणार. करंट कुणालाच मारणार नाही. नारिंगी वायरीला आपण हात घालायचा नाही, हे मात्र पक्कं.

पुराच्या संदर्भात मेसेजनं खरं तर दोन गोष्टी सांगायला हव्या होत्या. एक, विम्यात इंजिन प्रोटेक्ट हे जादा कव्हर घेताना हायब्रिड यंत्रणा त्यात धरलीय का, हे लेखी विचारा. दोन, बंद पडलेली हायब्रिड पुढची चाकं रस्त्यावर ठेवून ओढत न्यायची नाही. चाकं फिरली की आतली मोटरही फिरते आणि वीज तयार करते. दोरी बांधून ट्रॅक्टरनं ओढायची आपली सवय इथं महागात पडेल. पुढची चाकं उचलणारी क्रेन किंवा अख्खी गाडी पाठीवर घेणारा फ्लॅटबेड बोलवा.

घाटाच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना समजा 500 मीटर खाली आलो. माणसांसकट दीड टनाची गाडी तेवढी उतरते तेव्हा साधारण दोन युनिट ऊर्जा सुटते. हायब्रिडची मोटर उतारावर आणि ब्रेक लावताना याच ऊर्जेची वीज करून बॅटरीत भरते. बॅटरी पाऊण युनिटची, त्यातही रिकामी जागा निम्म्याच्या आसपास. म्हणजे घाट संपायच्या खूप आधी ती काठोकाठ होते आणि पुढचा सगळा भार ब्रेकवर येतो. त्यासाठी गिअरच्या दांड्यावर ‘बी’ दिलेला असतो. तो टाकला की इंजिन पेट्रोल न जाळता फिरतं आणि गाडी आवरून धरतं. कितीजण तो वापरतात, देव जाणे. चढताना उलटं: लांब चढावर बॅटरीची मदत ओसरते आणि ग्रँड विटारा-हायरायडरचं तीन सिलिंडरचं इंजिन एकटं ओरडायला लागतं. आवाज खटकतो, पण गाडी चढते. आंबा घाटात सहा माणसं आणि टपावर सामान घेऊन नेहमी जाणाऱ्यानं टेस्ट ड्राइव्ह रंकाळ्याभोवती घेऊन चालणार नाही. पन्हाळ्यापर्यंत तरी न्यावी.

पैशाचं गणित मेसेजनं केलंच नाही, नुसतं ‘कधीच नाही’ म्हटलं. आपण करून बघू. पेट्रोल 105 रुपये धरा. शहरात साधी ऑटोमॅटिक लिटरला 14 किलोमीटर देते आणि हायब्रिड 21, असं धरलं तर हजार किलोमीटरमागे सुमारे 2,500 रुपये वाचतात. दोन गाड्यांत दोन लाखांचा फरक असेल तर 80,000 किलोमीटरला बरोबरी. महिन्याला 2,500 किलोमीटर फिरणाऱ्याचे तीन वर्षांच्या आत वसूल. राजारामपुरी ते महाद्वार करणाऱ्या, महिन्याला 800 किलोमीटरवाल्याला आठ वर्षांहून जास्त. बरं, तुलना ऑटोमॅटिकशीच करायची, कारण हायब्रिडला क्लच नाही. स्वस्त मॅन्युअलशी तुलना करून ‘बघा, किती महाग’ म्हणणं ही हातचलाखी झाली.

हायवेबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. पुणे रोडला शंभराच्या वेगानं सलग जाताना ब्रेक लागत नाहीत, म्हणजे परत मिळवायला ऊर्जाच नाही. इंजिनच बहुतेक वेळ ओढतं. तरी ते कमी पेट्रोलवर चालेल अशा पद्धतीनं बांधलेलं असल्यानं फायदा शून्य होत नाही. 18 विरुद्ध 22 धरा, मग तेच दोन लाख वसूल व्हायला दुपटीहून जास्त अंतर लागतं. ग्रँड विटाराचे कागदावरचे 27.97 पाहून हायवेसाठी हायब्रिड घेणारा नाराज होणारच. आणि सहापदरीकरणाच्या डायव्हर्जनमध्ये तासभर रांगेत अडकलात, तर तीच गाडी इंजिन बंद ठेवून पुढं सरकेल.

उद्यमनगराचं म्हणाल तर ऑइल, सस्पेन्शन, टायर, एसी ही कामं तिथं आरामात होतात. हाय व्होल्टेजचं काम अधिकृत वर्कशॉपलाच, हे मान्य. पण क्लच प्लेट बदलायची नाही, बऱ्याच मॉडेलांत वेगळा स्टार्टर आणि अल्टरनेटर नाही, ब्रेक पॅड जास्त टिकतात. मग तिकडं जाण्याची कारणंच कमी.

मेसेजमध्ये नसलेल्या गोष्टी आता. ‘हायब्रिड’चा बिल्ला मारुतीच्या कित्येक गाड्यांवर असतो, पण ‘स्मार्ट हायब्रिड’मध्ये बेल्टवरची छोटी मोटर इंजिनाला नुसता टेकू देते, एकटी चाकं फिरवत नाही. वरचं गणित तिला लागू नाही. शोरूममध्ये ‘निम्मी इलेक्ट्रिक’ म्हणतात, पण इलेक्ट्रिकला जीएसटी 5 टक्के आणि चार मीटरहून लांब हायब्रिडला 40. स्ट्राँग हायब्रिडमध्ये कंपनीचं सीएनजी मिळत नाही. आणि ग्रँड विटारा-हायरायडरमध्ये बॅटरी मागं बसल्यानं डिकी चांगलीच उथळ होते. त्यामुळं बुकिंगआधी घरातली सगळ्यात मोठी बॅग शोरूमला न्या आणि डिकीत आडवी ठेवून झाकण लावून बघा.