‘सगळे साहित्य सोबत घ्या’ : एका लोकप्रिय सल्ल्याचा प्रतिवाद

प्रवासातील फोटोग्राफीविषयी एक सल्ला सर्रास फिरत असतो : ‘जवळ असेल तेवढे सगळे साहित्य सोबत घ्या. न लागलेली लेन्स परत आणता येते, पण घरी राहिलेली लेन्स ऐन वेळी मिळत नाही.’ त्याच्या पुष्ट्यर्थ चार कारणे दिली जातात. एकही फोकल लेंथ (दृश्य किती रुंद किंवा किती जवळ दिसेल हे ठरवणारे लेन्सचे मिलिमीटरमधले माप) हातची जाता कामा नये. कमी उजेडात एफ/२.८ झूम लेन्सना पर्याय नाही (एफचा आकडा जितका लहान, तितका जास्त प्रकाश आत येतो). ट्रायपॉडवाचून संध्याकाळ वाया जाते. आणि कॅमेरा बिघडला तर दुसरा हवाच. हा युक्तिवाद बिनतोड वाटतो, म्हणूनच नवखे लोक तो निमूटपणे मान्य करतात. माझ्या मते त्याचा पायाच कच्चा आहे, कारण न लागलेल्या साहित्याची प्रवासात काहीच किंमत मोजावी लागत नाही असे त्यात गृहीत धरले आहे.

ती किंमत वजनात मोजता येते. कॅननच्या ईएफ मालिकेतील एफ/२.८ झूम लेन्सचे प्रसिद्ध त्रिकूट घेतले, तर १६-३५ मिमी आणि २४-७० मिमी या प्रत्येकी सुमारे ८०० ग्रॅमच्या आणि ७०-२०० मिमी जवळजवळ दीड किलोची, म्हणजे नुसत्या लेन्सच तीन किलो होतात. त्यात दोन बॉडी (म्हणजे लेन्सविना कॅमेरे), ट्रायपॉड, चार्जर आणि लॅपटॉप घातला की अनेक विमान कंपन्यांची केबिन बॅगेसाठीची ७ किलोंची मर्यादा कपड्यांची एक घडीही न ठेवता गाठली जाते. विमानतळावरचा प्रश्न एकवेळ पैसे भरून सुटेल; पण दिवसभराच्या पायपिटीत खांदा भरून आला, की माणूस वाकडी वाट करून टेकडीवर जाण्याचे टाळतो आणि दुसऱ्या दिवशी बॅग खोलीवरच ठेवून निघतो. तेव्हा सोबत आणलेली लेन्सही घरी राहिलेल्या लेन्सइतकीच निरुपयोगी असते.

फोकल लेंथचा मुद्दा सर्वांत जास्त पटणारा आहे, म्हणून तो नीट तपासला पाहिजे. लेन्स बॅगेत असणे आणि ती कॅमेऱ्यावर चढलेली असणे यांत बराच वेळ जातो. नावाडी दोर सोडून होडी पाण्यात ढकलू लागला आहे आणि आपल्याला टेली (लांबचे जवळ आणणारी) लेन्स लावायची आहे, असे समजा : बॅग खांद्यावरून उतरवायची, चेन उघडायची, मागचे झाकण काढायचे, वाऱ्यातली धूळ सेन्सरवर बसू नये म्हणून कॅमेऱ्याचे तोंड खाली धरायचे, काढलेली लेन्स कुठेतरी सुरक्षित ठेवायची. एवढे होईपर्यंत होडी काठापासून लांब गेलेली असते. कॅमेऱ्यावर २४-७० असती, तर ७० मिमीवर घेतलेला २४ मेगापिक्सेलचा फोटो दीडपट क्रॉप करून (कडा कापून) १०५ मिमीइतकी चौकट मिळाली असती, आणि उरलेले सुमारे साडेदहा मेगापिक्सेल ए४ आकाराच्या उत्तम छपाईला पुरले असते. रुंद बाजूलाही स्मार्टफोनचा मुख्य कॅमेरा बहुधा २४ ते २६ मिमीचा दृश्यकोन देतो, म्हणजे ती फोकल लेंथ खिशात असतेच. फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी देशोदेशी फिरून केलेले बहुतांश काम ५० मिमीच्या एकाच लेन्सवरचे आहे. त्यांच्या चौकटींत काही निसटल्यासारखे वाटत नाही.

पक्षी किंवा वन्यप्राणी टिपण्यासाठीच जो निघाला आहे, त्याला ४०० मिमी किंवा त्याहून लांब लेन्सला पर्याय नाही, आणि ती त्याने जरूर न्यावी. मात्र ती निवड विषय ठरवून केलेली असते, भीतीपोटी नव्हे.

कमी उजेडाबद्दलचा दावा साध्या हिशेबात टिकत नाही. एफ/४ आणि एफ/२.८ यांत फरक एका स्टॉपचा (दुप्पट प्रकाशाचा), म्हणजे आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला दाद देण्याची पातळी) १६०० ऐवजी ३२०० ठेवण्याएवढाच आहे, आणि आजचे सेन्सर तेवढे सहज पेलतात. खरोखर अंधार असेल, तर ५० मिमी एफ/१.८ ही जेमतेम १६० ग्रॅमची प्राइम (एकाच फोकल लेंथची) लेन्स कोणत्याही एफ/२.८ झूमच्या दुपटीहून अधिक प्रकाश आत घेते.

ट्रायपॉडविषयी थोडक्यात. बॉडीतील किंवा लेन्समधील स्टॅबिलायझेशनमुळे (हाताचा कंप सावरणाऱ्या यंत्रणेमुळे) स्थिर दृश्य अर्ध्या सेकंदापर्यंतही हातात धरून टिपता येते, आणि पुष्कळ संग्रहालयांत ट्रायपॉडला मज्जाव असतो. तारे किंवा धबधब्याचे लांब एक्सपोजर हाच हेतू असेल, तर तो न्यावा.

राहिला बिघाडाचा मुद्दा. त्यात तथ्य आहे, पण उपाय चुकीचा सांगितला जातो. पैसे घेऊन काम करणाऱ्याला दुसरी बॉडी हवी हे मान्य. हौशी प्रवाशाचा दुसरा कॅमेरा म्हणजे त्याचा फोन. प्रवासात दगा देतात त्या लहान वस्तू : थंडीत लवकर उतरणारी बॅटरी, खराब झालेले मेमरी कार्ड, विसरलेला चार्जर. म्हणून जादा घ्यायचेच असेल, तर दोन बॅटऱ्या आणि दोन-तीन कार्डे घ्यावीत, आणि रोजच्या फोटोंची प्रत वेगळ्या बॅगेत ठेवावी. जादा लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात टाकता येत नाहीत; त्या टर्मिनल (धातूची टोके) झाकून केबिन बॅगेतच न्याव्या लागतात. १०० वॉट-तासांची (बॅटरीत साठणाऱ्या ऊर्जेच्या मापाची) सर्वसाधारण मर्यादा कॅमेऱ्याच्या बॅटरीला अडचणीची नाही, कारण ती साधारण १५ वॉट-तासांची असते. पॉवर बँक मात्र विकत घेतानाच तिच्यावरचा वॉट-तासांचा आकडा वाचून घ्यावा.