पहाट कुणाच्या बापाची?

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी कट्टा भरला. कट्टा म्हणजे ठाण्याच्या नौपाड्यात, राम मारुती रोडच्या मागच्या गल्लीतल्या बंद लाँड्रीच्या तीन पायऱ्या. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जायची आहे, पण सहा वर्षं झाली, जात नाही. तेवढंच आमचं भाग्य.

नंद्या आमच्या आधीच येऊन बसला होता. एरवी तो सगळ्यात शेवटी येतो आणि पायरीवर रुमाल अंथरून मगच टेकतो. आज रुमालसुद्धा विसरला होता. मी काय ते समजलो.

मी टेकतोय तोच त्याने मोबाइल नाकासमोर धरला. "चौऱ्याण्णव!"

"उपाशीपोटी की जेवल्यावर?" पम्याने विचारलं.

"शुगर नाही रे, डेसिबल! माझ्या गॅलरीत मोजलेत. दिवाळी पहाटेला. अॅप घेतलंय मी."

दिवाळी पहाटेला राम मारुती रोडवर स्टेज, स्पीकरच्या भिंती आणि गावोगावहून नटूनथटून आलेल्या पोरांची तुडुंब गर्दी. बातम्या सगळ्यांनी बघितल्याच होत्या, व्हिडिओ सगळ्यांच्या ग्रुपवर फिरले होते, त्यामुळे काय झालं हे कोणी कोणाला सांगितलं नाही. नंद्या थेट कलमांवर आला. "रहिवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५. ध्वनिप्रदूषणाचे नियम, साल २०००. आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. हे लोक साडेपाचला स्पीकर लावतात. म्हणजे कायद्याने ती पहाट नाहीच, रात्र आहे!"

खरं सांगायचं तर मुद्दा चुकीचा नव्हता. त्या दिवशी माझ्या घरातल्या कपाटाच्या काचा थरथरत होत्या आणि आई कानात कापसाचे बोळे घालून चकलीचा डबा शोधत होती. पण नंद्या बरोबर बोलायला लागला की माणसाला उगाच त्याच्या विरुद्ध बाजूला जावंसं वाटतं. ही त्याची शाळेपासूनची देणगी आहे.

"१९९४च्या गणपतीत मंडळाचा स्पीकर कोण लावायचा?" मी विचारलं.

"तेव्हा वेगळं होतं."

"त्या स्पीकरच्या भाड्याचे तीनशे चाळीस रुपये अजून हिशेबात लागत नाहीत," पम्या म्हणाला. खजिनदार नंद्याच होता. पावती आजतागायत सापडलेली नाही.

नंद्याने ऐकलं नाही असं दाखवलं. "अरे, दिवाळी पहाट म्हणजे काय होतं? चारला उठायचं. उटणं, अभ्यंगस्नान. दाराशी अंगठ्याने कारीट फोडायचं. फराळ, नवे कपडे, तलावपाळीला एक चक्कर, गडकरी रंगायतनात गाणं. हे नौपाड्याचे संस्कार! आता काय, नुसता धिंगाणा. आणि ही माणसं आपली नाहीतच. कल्याण, डोंबिवली, मुलुंड…" इथे तो थांबला आणि शैल्याकडे न बघता म्हणाला, "घोडबंदर."

शैल्या पाच वर्षांपूर्वी घोडबंदर रोडवरच्या कासारवडवलीला राहायला गेला. इथली भाड्याची खोली बिल्डिंगसकट गेली आणि नव्या टॉवरमधला फ्लॅट त्याच्या आवाक्यात नव्हता. तरी दर आठवड्याला कट्ट्यावर येतो. कधी पाऊण तासात पोचतो, कधी दीड. येताना मेट्रोचे खांब मोजतो असं म्हणतो. आज दीड तास लागला होता, तरी तो शांत होता. शैल्या शांत असला की समोरच्याने सावध व्हावं.

"गडकरी कधी झालं रे?" त्याने विचारलं.

"अठ्ठ्याहत्तर. मी पहिलीत होतो."

"म्हणजे तुझे संस्कार तुझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आहेत."

चहावाला पोरगा ग्लास ठेवता ठेवता हसला. तो उत्तर प्रदेशातला आहे, त्याला मराठी कळतं हे आम्हाला तेव्हा कळलं.

"आणि तुझे आजोबा देवरुखहून इथे आले कधी?"

"अठ्ठेचाळीसला."

"कोलशेत, बाळकुम, ओवळा ही गावं तेव्हा तिथेच होती ना? तिथले आगरी-कोळी काय तुझ्या आजोबांची वाट बघत बसले होते, हे येतील मग आपण ठाणेकर होऊ म्हणून? ब्याऐंशीला महापालिका झाली तेव्हा ती गावं आत घेतली. आत घेताना कोणी नौपाड्याला विचारलं नाही, हे तुमचं दुःख मला समजतं."

नंद्याचा चेहरा जरा लाल झाला. मग त्याने हुकमाचा एक्का काढला. कोंडीत सापडला की तो दर वेळी हाच काढतो. "अरे, देशातली पहिली आगगाडी या ठाण्याला आली! आपल्या शहराला इतिहास आहे!"

शैल्याचे वडील रेल्वेत होते हे तो विसरला.

"आली ना? १६ एप्रिल १८५३. बोरीबंदरहून. ३४ किलोमीटर, १४ डबे आणि ४०० माणसं. सगळी बाहेरची, नंद्या! एका दिवसात चारशे! आणि गाडी सुटताना २१ तोफांची सलामी. तुझं अॅप तेव्हा असतं तर तू गाडी मुलुंडातूनच परत पाठवली असतीस."

आता सगळेच हसले. पम्याला तीन इंजिनांची नावं येत होती, साहिब, सिंध आणि सुलतान. ती त्याने मध्येच सांगून टाकली आणि त्यात नंद्या कोण यावर दोन मिनिटं गेली. सुलतान ठरला. पम्या हे सगळं नंद्याचाच मोबाइल हातात घेऊन करत होता. पम्याला दुसऱ्याचा चहा आणि दुसऱ्याचा फोन, दोन्ही चालतात.

तेवढ्यात मीना आली. जांभळी नाक्याहून भाजी घेऊन, दोन्ही हातांत पिशव्या. ती कट्ट्यावर बसत नाही, उभी राहते, आणि उभ्या उभ्या सगळ्यांपेक्षा जास्त वेळ थांबते. विषय कळल्यावर तिने पिशव्या खाली ठेवल्या.

"माझी नाइट होती त्या दिवशी," ती म्हणाली. मीना नर्स आहे. "सकाळी स्टेशनला उतरले, रिक्षावाला यायला तयार नाही. म्हणे रस्ता बंद आहे. चालत निघाले. बारा तास उभी असलेली बाई मी, पाय सुजलेले, आणि समोर ही एवढी गर्दी. गोखले रोडपासून मुंगी शिरायला जागा नाही. सगळे आरशातून आत्ताच बाहेर आल्यासारखे. मला आवाजाचं काही नाही रे नंद्या, आमच्या वॉर्डात याहून जास्त असतो. मला फक्त घरी जायला वाट हवी होती."

यावर कोणी बोललं नाही. नंद्यासुद्धा नाही. खरं तर ही त्याच्याच बाजूची साक्ष होती, पण ती वापरायची कशी हे त्याला सुचलं नाही.

"मग?" शैल्याने विचारलं.

"मग काय. एक पोरगा होता. चमचम करणारा कुर्ता, केसांना एवढं जेल की डास चिकटला असता. त्याने माझ्या गळ्यातलं आयकार्ड बघितलं. दोन्ही हात आडवे केले आणि ओरडायला लागला, 'ए, साइड दे, साइड, हॉस्पिटलच्या आहेत!' पार आपल्या गल्लीच्या तोंडापर्यंत पुढे चालत आला. पिशवी पण धरली."

"बघ," शैल्या नंद्याला म्हणाला.

"काय बघ?" मीनाच उसळली. "काकू म्हणाला मला! 'काकू, जपून.' जेमतेम तिशीतला तो स्वतः, आणि मी काकू!"

"मग ताई म्हणायला हवं होतं का?" पम्या.

"तू गप. तुझ्याकडे माझी छत्री आहे जूनपासून."

छत्रीवर पुन्हा थोडा वेळ गेला. ती पम्याकडे नाही, पम्याने ती मला दिली, मी ती नंद्याला दिली, आणि नंद्याच्या मते ती काळी होती, निळी नव्हती. यातून काही निघालं नाही.

शैल्याने दोरा पुन्हा पकडला. हा त्याचा दोष आहे, वाद संपलेला त्याला बघवत नाही. "नंद्या, तू पोरांवर का चिडतोस? स्पीकरच्या भिंती काय पोरांनी खिशातून आणल्या? स्टेजच्या मागे ज्यांचे फोटो होते, पहाटेला शुभेच्छा देत हात जोडून, त्यांना जाऊन सांग ना. तो बॅनर तर तुझ्या गॅलरीला टेकला होता."

"सांगणार आहे. पत्र लिहितोय."

"उटणं कुठलं लावलंस यंदा?"

नंद्याने ग्लासात बघितलं. चहा संपलेला होता.

"कुठलं म्हणजे… घरी पाकीट आलं होतं."

"फोटोसकट?"

दिवाळीच्या आधी आमच्याकडे उटण्याची पाकिटं दारोदार येतात, सगळ्या पक्षांची, हे ठाण्यात कोणाला सांगायला नको. मी स्वतः दोन वापरली. एकाने खाज सुटली, पक्ष सांगत नाही.

"पाकिटावरच्या माणसाच्या उटण्याने आंघोळ करायची आणि बाहेर येऊन त्याच्याच स्पीकरने चिडायचं," शैल्या म्हणाला, "आणि शिव्या मात्र डोंबिवलीच्या पोरांना. ती बिचारी पहिली लोकल पकडून येतात. वर्षातला एक दिवस कोणीतरी आपल्याकडे बघावं म्हणून."

"तू पण यायचास," मीना म्हणाली. "पिवळा शर्ट. दोन वर्षं तोच."

"तीन," शैल्या म्हणाला आणि पहिल्यांदाच गप्प बसला.

नंद्याला उसंत मिळाली. तो उठून उभा राहिला. "ते काही असो. कायदा म्हणजे कायदा. चौऱ्याण्णव डेसिबल! माझ्याकडे पुरावा आहे, वेळेसकट. सगळं त्यात साठवलेलं आहे."

"चौऱ्याण्णव नाही," पम्या म्हणाला. तो अजून मोबाइलमध्येच होता.

"म्हणजे?"

"सगळ्यात जास्त सत्त्याण्णव दाखवतंय."

"बघा! बघा! मी म्हणत होतो. सत्त्याण्णव! किती वाजताचं आहे?"

"चार चाळीस."

मीनाने बोटं मोजली. "पण स्पीकर तर साडेपाचला…"

"चार चाळीसला रस्त्यावर कुत्रं पण नव्हतं," मी म्हणालो. मला नक्की माहीत होतं, कारण मी त्याच वेळी दचकून उठलो होतो.

नंद्या खाली बसला. या वेळी रुमाल काढून तो पायरीवर अंथरला, चारही टोकं सरळ केली, मगच टेकला. "ते… अॅप चालू राहिलं वाटतं," तो म्हणाला. "अभ्यंगस्नान झालं, कारीट फोडलं, की आमच्याकडे एक असतो. एकच. बाबांच्या वेळेपासून."

"काय एक असतो?"

"सुतळी बॉम्ब."

शैल्याने तोंडातला चहा कसाबसा आवरला. मीना भाजीच्या पिशवीवर वाकली. पम्याने मोबाइल उलटा करून छातीशी धरला आणि पायरीवर आडवा झाला. हसणं थांबेपर्यंत वरच्या मजल्यावरच्या आजी गॅलरीत येऊन गेल्या.

"फटाकेही दहा ते सहा बंद," शैल्या डोळे पुसत म्हणाला. "त्याच नियमात आहे, नंद्या. खाली वाच."

"एकच असतो," नंद्या पुन्हा म्हणाला.

चहावाला पोरगा ग्लास गोळा करायला आला. नंद्याने खिशात हात घातला आणि सगळ्यांचे पैसे काढून दिले. मीनाने चहा घेतला नव्हता, तिचेही दिले.

"तीनशे चाळीसमधून वळते करू का?" पम्याने विचारलं.