पृथ्वी फिरते तर आपण फेकले का जात नाही? त्या फॉरवर्डला उत्तर

सध्या ज्या त्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरून राहिला. म्हणे सेंट्रीफ्युगल (फिरताना बाहेर ढकलणारा), कोरिओलिस (फिरत्या जागेवर सरकत्या वस्तूला बाजूला वळवणारा) हे 'सुडो' म्हणजे खोटे फोर्स, सायन्सवालेच कबूल करतात, मग पृथ्वी फिरते हेही खोटंच. पुरावे तीन: आपण फेकले जात नाही, नागपूरवर थांबलेल्या हेलिकॉप्टरखाली अर्ध्या तासात मुंबई येत नाही, आणि बेसिनमधलं पाणी कोरिओलिसने एकाच दिशेने फिरायला हवं तर वाटेल तसं फिरतं.

आधी ते 'खोटं' प्रकरण. नागपूरच्या व्हरायटी चौकात बस झपकन डावीकडे वळली की आतला उभा माणूस उजवीकडे कलतो. फुटपाथवरून बघणाऱ्याला यात विशेष काही दिसत नाही, माणूस सरळच चालला होता, वळली ती बस. पण बसलाच स्थिर धरून न्यूटनचे नियम लावायचे म्हटले तर एक जास्तीचा फोर्स धरावाच लागतो, नाहीतर हिशोब जमतच नाही. तो लावणारी वस्तू कोणतीच नसते, ना दोरी ना धक्का, म्हणून 'सुडो'. आणि पृथ्वी फिरत नसती तर तिला स्थिर धरून केलेल्या हिशोबात असले फोर्स आलेच नसते! ते मोजता येतात म्हणजे ती फिरते. आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला ना भाऊ.

फेकले का जात नाही? नागपूर ताशी साधारण 1560 किमीने पूर्वेला पळतंय हे खरं, पण नुसत्या वेगाने कोणी फेकलं जात नाही, तो वेग दिशा किती भराभर बदलतो त्यावर सगळं आहे, आणि पृथ्वीची एक फेरी 24 तासांची, म्हणजे घड्याळातल्या तासकाट्याच्याही निम्म्या गतीने. हिशोब केला तर बाहेर फेकणारा सेंट्रीफ्युगल जोर गुरुत्वाचा जेमतेम तीनशेवा हिस्सा निघतो. 70 किलोच्या माणसाचं वजन नागपुरात त्यापायी 200 ग्रॅमच्या आसपास कमी भरतं. एका सावजी जेवणात वसूल.

हेलिकॉप्टर उडायच्या आधीच ते आणि भोवतालची हवा त्याच 1560 ने चालली असते, वर गेल्यावर ती चाल कोण काढून घेणार? हां, बारीक फरक पडतो. उंचावरची जागा मोठ्या वर्तुळात फिरते म्हणून तिथून सोडलेली वस्तू किंचित पूर्वेला पडते. फर्डिनांड राइखने 1831 मध्ये जर्मनीतल्या फ्रायबर्गच्या खाणीत 158 मीटर खोल गोळ्या सोडून मोजलं, सरासरी 28 मिलिमीटर पूर्वेला.

राहिलं बेसिन. इथे फॉरवर्डवाल्याचं निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष चुकला. सेकंदाला 10 सेंमी सरकणाऱ्या पाण्यावर नागपुरात कोरिओलिसचा जोर गुरुत्वाच्या साधारण वीस लाखाव्या भागाइतका, तेवढ्याला बेसिनचा आकार नाहीतर नळाची धार कुठल्याकुठे खाऊन टाकते. अमेरिकेतल्या एमआयटीच्या ॲशर शापिरोने 1962 मध्ये सहा फुटी टाकी भरली, पाणी 24 तास हलू दिलं नाही, मग बूच काढलं, तेव्हा कुठे ते घड्याळाच्या उलट दिशेने फिरलं. 1965 मध्ये दक्षिण गोलार्धातल्या सिडनीत असाच प्रयोग झाला, तिथे बरोब्बर उलटं, म्हणजे घड्याळाच्या दिशेने.